जबाबदार इसमाचा शोध

कायदा व्यवहाराच्या मागोमाग लंगडत येतो अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आंतरजालावरील व्यापाराच्या बाबतीत मात्र, निदान या देशात तरी, कायदा आधी येऊन बसला आणि व्यापार मागाहून आला. १७ ऑक्टोबर २००० रोजी माहिती तंत्रज्ञान अधिनियम अमलात आला, तेव्हा विदेश संचार निगमाने सर्वसामान्य ग्राहकांना इंटरनेटची जोडणी द्यावयास आरंभ केल्याला अवघी पाच वर्षे लोटली होती, टेलिफोनच्या तारेतून किरकिरत येणारी ती जोडणी घटकाभर टिकली तरी धन्यता वाटावी असा तो काळ होता, आणि घरबसल्या साडी किंवा पुस्तक मागविणारा मनुष्य शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कौतुकाचा विषय होत असे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या व्यापारविधी आयोगाने १९९६ साली सिद्ध केलेला आदर्श मसुदा समोर ठेवून आपल्या संसदेने जाहीर केले की, संगणकातील नोंद ही कागदावरील लेखासारखीच मानली जाईल आणि अंकीय स्वाक्षरीस हातच्या सहीचे मोल राहील. मृत्युपत्र, मुखत्यारपत्र, न्यासपत्र आणि स्थावराच्या खरेदीविक्रीचा करार हे दस्तऐवज मात्र त्यातून वगळले होते. ज्या कागदांवरून आपल्याकडे भाऊबंदकी पेटते आणि पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालतात, नेमके तेच कागदावर ठेवून बाकीचा कारभार विजेच्या हवाली करण्याची ही तजवीज करणारा मसुदाकार मोठा व्यवहारज्ञ असला पाहिजे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

त्या घटनेला आता पाव शतक उलटले. या अवधीतील निवाडे, दुरुस्त्या, नियम आणि परिपत्रके यांचा ढिगारा उपसू लागले असता त्यात नाना विषय हाती लागतात. परंतु त्या सर्वांच्या तळाशी एकच प्रश्न पुनःपुन्हा निरनिराळी वस्त्रे नेसून उभा राहिलेला दिसतो. यंत्राने जे केले, यंत्रावर जे घडले, यंत्राने जे नोंदवून ठेवले, त्याचा जाब कोणत्या हाडामांसाच्या माणसाने द्यावयाचा, हा तो प्रश्न होय.

प्रारंभीचे तंटे त्यामानाने सौम्य, म्हणजे नावांचे होते. १९९९ साली, अधिनियम जन्मास येण्यापूर्वीच, मुंबई उच्च न्यायालयापुढे रेडिफ आणि रॅडिफ या दोन संकेतस्थळ-नामांचा वाद आला आणि न्यायालयाने बोधचिन्हांच्या जुन्या कायद्याची, दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवू नये या तत्त्वाची, कास धरून तो मिटविला. संकेतस्थळाचे नाव म्हणजे निव्वळ पत्ता नव्हे, ती व्यापाऱ्याची पेढीवरील पाटी आहे, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सिफी आणि सिफ्फी यांच्या वादात कायम केली. या प्रकरणांत जुन्या कायद्याला नवे काही शिकावे लागले नाही, म्हणून त्यांच्यापाशी अधिक थांबण्याचे कारण नाही.

खरा हिसका बसला तो त्याच वर्षाच्या अखेरीस. बाझी डॉट कॉम ही त्या काळातील मुंबईची एक लिलावपेठ, आणि अमेरिकेतील ईबे कंपनीने ती नुकतीच विकत घेतली होती. त्या पेठेवर कोणीही विक्रेता आपला माल मांडू शके. कंपनी स्वतः काही विकत नसे, जागा पुरवीत असे आणि दलाली घेत असे. २७ नोव्हेंबर २००४ रोजी, शनिवारी, खरगपूरच्या तंत्रविद्यालयातील एका विद्यार्थ्याने तेथे एका अश्लील ध्वनिचित्रफितीची विक्री मांडली, आणि त्या फितीतील व्यक्ती दिल्लीतील शाळकरी मुले होती. त्याच रात्री एका जागरूक ग्राहकाने कंपनीस तक्रार कळविली. परंतु शनिवारची ती तक्रार सोमवारी सकाळी कचेरी उघडेपर्यंत तशीच पडून राहिली आणि दरम्यान काही गिऱ्हाइकांनी ती फीत विकतही घेतली. शब्द चाळून आक्षेपार्ह माल अडविण्याची एक यांत्रिक गाळणी कंपनीपाशी होती, मात्र विक्रेत्याने जाहिरात अशा बेताने लिहिली होती की, ती गाळणीतून निसटली. डिसेंबरात कंपनीचे प्रमुख अवनीश बजाज तपासास साहाय्य करण्यासाठी दिल्लीस गेले असता पोलिसांनी त्यांनाच अटक केली. काही दिवस कोठडीत काढल्यावर उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला.

तोपर्यंत संगणकाचा व्यापार म्हणजे भांडवल आणि बुद्धी यांचा खेळ, असे मानणाऱ्या साऱ्या उद्योजकांना त्या एका अटकेने कळून चुकले की, या धंद्यात मानही अडकू शकते. मूळ कायद्यात ७९ वे कलम होतेच. मध्यस्थाने ‘मला ठाऊक नव्हते’ किंवा ‘मी योग्य ती दक्षता घेतली होती’ हे सिद्ध केले तर तो सुटावा, असा त्याचा आशय होता. परंतु सिद्ध करण्याचा भार आरोपीच्या शिरावर होता, आणि तो भार हलका होण्याची जागा म्हणजे पोलीस ठाणे नव्हे. हे प्रकरण आठ वर्षे चालले. त्याचा शेवट कसा झाला, हे सांगितल्यावर नवख्यांना विश्वास बसत नाही: २०१२ च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयाने बजाज यांच्यावरील खटला रद्द केला तो या कारणास्तव की, फिर्यादीत कंपनीला आरोपी केलेच नव्हते, आणि कंपनीवाचून कंपनीच्या अपराधाबद्दल केवळ तिच्या प्रमुखाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता येत नाही. सरकारपक्ष जबाबदार माणूस पकडण्याच्या घाईत मूळ जबाबदार संस्थेलाच विसरला होता.

या प्रकरणाचा परिणाम कायद्यावर झाला. २००८ सालच्या दुरुस्तीने, जी २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली, मध्यस्थाला व्यापक अभय दिले आणि मध्यस्थाच्या व्याख्येत लिलावपेठांपासून कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेपर्यंत सर्वांना ओढून घेतले. त्याच दुरुस्तीने ६६-अ हे कुप्रसिद्ध कलमही आणले. २०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याविषयी फेसबुकवर एक वाक्य लिहिणारी पालघरची एक तरुणी आणि त्यास केवळ पसंती दर्शविणारी तिची मैत्रीण, अशा दोघींना अटक झाली, ती याच कलमाखाली. श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरले, हे सर्वज्ञात आहे. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने त्या निवाड्यातील अधिक मोलाचा भाग मात्र वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आला नाही. कोणीही उठून तक्रार धाडली म्हणजे मध्यस्थाला ‘जाणीव’ झाली असे नव्हे. न्यायालयाचा हुकूम किंवा शासनाची अधिसूचना हाती पडल्यावरच त्याची जबाबदारी सुरू होते, असा तो निर्णय होता. बाझीच्या कचेरीत शनिवारी रात्री येऊन पडलेल्या पत्राच्या प्रश्नाला मिळालेले ते दहा वर्षांनंतरचे उत्तर होते. ते उत्तर कंपन्यांच्या सोयीचे होते, यात संशय नाही. पीडितेच्या सोयीचे होते काय, याविषयी मी तितक्या खात्रीने बोलू शकत नाही.

जी गोष्ट गुन्ह्याची तीच पुराव्याची. ई-पत्रांच्या देवघेवीतून पक्का करार सिद्ध होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑस्ट्रेलियातून यावयाच्या बॉक्साइटच्या एका सौद्यात २०१० साली मान्य केले होते; परंतु ती ई-पत्रे न्यायाधीशापुढे ठेवावयाची कशी? पुरावा अधिनियमात २००० साली घातलेले ६५-ब हे कलम सांगे की, संगणकातून काढलेल्या प्रतीसोबत, त्या संगणकाच्या कारभाराशी संबंधित अशा जबाबदार पदावरील व्यक्तीने स्वाक्षरी केलेला दाखला जोडावा. गमतीची गोष्ट अशी की, हे कलम ज्या १९६८ सालच्या इंग्लिश कायद्यावरून उतरविले, त्यातील ती तरतूद इंग्लंडने १९९५ मध्येच निकालात काढली होती. विलायतेने टाकलेला अंगरखा आपण कौतुकाने शिवून घेतला. पुढे २००५ साली न्यायालय म्हणाले, दाखल्यावाचून चालेल. २०१४ साली म्हणाले, चालणार नाही. २०१८ साली म्हणाले, क्वचित चालेल. या येरझाऱ्यांत किती पेढ्यांच्या वसुलीचे दावे केवळ एका कागदावाचून बुडाले असतील, याची गणना कोणी ठेवलेली नाही.

हा घोळ अखेर मिटला तो जालना शहराच्या निमित्ताने. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तेथे अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा २९६ मतांनी पराभव केला. खोतकरांचे उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरच्या दुपारी तीन वाजण्याची मुदत टळल्यावर दाखल झाले, असा प्रतिपक्षाचा आरोप होता. आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत चित्रीकरण चालू असल्यामुळे त्याचा पुरावा तबकड्यांवर उतरलेला होता. यंत्राने आपले काम चोख केले होते. पण त्या तबकड्यांसोबतच्या दाखल्यावर सही करावयास कोणीही सरकारी अधिकारी पुढे येईना. पत्रे झाली, विनंत्या झाल्या, दाखला काही मिळेना. तरीही औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक रद्द ठरविली, आणि १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, दाखला अनिवार्यच आहे, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र ज्याने तो मिळविण्यासाठी शक्य ते सारे केले त्याला अशक्याची सक्ती करता येणार नाही. तोवर ती विधानसभा मुदत संपून इतिहासजमा झाली होती. निवडणुकीच्या भांडणातून निघालेला हा नियम आज इचलकरंजीच्या सूतव्यापाऱ्यालाही लागू आहे. ‘सदर भ्रमणध्वनी माझ्या कायदेशीर ताब्यात असून नित्य वापरात होता व सदर काळात सुरळीत चालू होता’ असे प्रतिज्ञेवर लिहून, व्हॉट्सॲपवरील संभाषणाच्या छापील पानांना दोऱ्याने बांधून, वर नोटरीचा गोल शिक्का उमटवून वकील मंडळी न्यायालयात उभी राहतात. १ जुलै २०२४ पासून नव्या साक्ष्य अधिनियमाने त्या दाखल्याचे दोन भाग केले, नोंदीची अंकीय खूण त्यात नमूद करणे आवश्यक ठरविले आणि दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही मागितली. एक जबाबदार इसम मिळताना मारामार, तेथे आता दोन हवेत.

इतरांकडून जबाबदार माणसाची अपेक्षा करणाऱ्या राज्ययंत्रणेने स्वतःच्या घरी काय केले, तेही पाहण्याजोगे आहे. संगणकीय फसवणुकीच्या नुकसानभरपाईचे पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे ऐकण्याचा अधिकार प्रत्येक राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवाला आहे, ही गोष्ट पुष्कळ वकिलांनाही ठाऊक नसते. महाराष्ट्रात २०१० नंतरच्या काही वर्षांत हा अधिकार खरोखर वापरला गेला. पुण्यातील एका कारखानदाराच्या खात्यातून ऐंशी लाखांहून अधिक रक्कम परस्पर काढली गेली असता, २०१३ साली बँकेने त्यास पंचेचाळीस लाख रुपये द्यावेत असा आदेश निघाला. मात्र अशा आदेशांवरील अपील ऐकण्यासाठी दिल्लीत जे न्यायाधिकरण होते, त्याच्या अध्यक्षाचे पद २०११ च्या मध्यापासून रिकामे राहिले ते २०१७ साली ते न्यायाधिकरणच दूरसंचार न्यायाधिकरणात विलीन होईपर्यंत. सहा वर्षे कचेरी होती, कारकून होते, फाइली होत्या. निकाल देणारा मनुष्य नव्हता.

अलीकडच्या नियमांनी हा शोध उघड उघड नेमणुकीच्या स्वरूपात मांडला आहे. २०२० च्या जुलैत निघालेल्या ई-वाणिज्य नियमांनी प्रत्येक पेढीस तक्रार अधिकाऱ्याचे नाव, पद व पत्ता संकेतस्थळावर झळकविण्यास फर्माविले. तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत आणि निवारण महिन्याभरात, अशी मुदत बांधून दिली. २०२१ च्या नियमांनी पन्नास लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांना भारतात राहणारा मुख्य अनुपालन अधिकारी नेमावयास लावला, आणि कंपनीने दक्षतेत कसूर केल्यास तोच खटल्यास पात्र राहील असे स्पष्ट लिहिले. २००४ साली जी गोष्ट पोलिसांनी अंदाजाने केली तीच आता राजपत्रात आगाऊ छापलेली आहे, एवढाच काय तो फरक. परदेशी कंपन्यांनी त्याविरुद्ध पुष्कळ आक्रोश केला. मला त्यांची फारशी कणव येत नाही. ज्यांचा नफा येथून जातो त्यांचा एक माणूस येथे सापडावा, ही मागणी अवास्तव नव्हे. परंतु पगारी नोकराने मालकाच्या धोरणापायी तुरुंगाची धास्ती बाळगावी, यात न्याय किती आणि ओलीस ठेवण्याची जुनी दरबारी रीत किती, याचा विचार व्हावयास हवा होता.

आणि या साऱ्याचा भार लहान व्यापाऱ्यावर कसा पडतो? येवल्यात घरच्या मागावर विणलेल्या पैठण्या स्वतःच्या संकेतस्थळावरून विकणारी एखादी बाई घेतली, तर विक्रेती तीच, तक्रार अधिकारी तीच, आणि गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, दूरध्वनी वहीऐवजी संगणकात ठेवते म्हणून वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाखालची विश्वस्तही तीच. मोठ्या पेठेवरून माल विकावयाचा तर वस्तू व सेवा कराची नोंदणी, उलाढाल कितीही अल्प असली तरी, तिला चुकत नसे. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना त्यातून सवलत मिळाली ती १ ऑक्टोबर २०२३ पासून, म्हणजे तो कर येऊन सहा वर्षे झाल्यावर. विदा संरक्षणाचा कायदा त्याच वर्षाच्या ऑगस्टात संमत झाला. त्यातील दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी रुपये आहे, त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य कर्तव्यांच्या पालनास अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. ती मुदत सरेपर्यंत लेखापाल, सल्लागार आणि संकेतस्थळे बांधून देणारे कारागीर यांची चलती राहील; संमतीचे मजकूर लिहिले जातील, आणि पानाच्या तळाशी ‘तक्रार अधिकारी’ या मथळ्याखाली दुकानाच्या मालकिणीचेच नाव पुन्हा एकदा, या वेळी पदनामासह, टंकले जाईल.