थंडीतही न निजणारे अणू

जपानमधल्या त्सुकुबा इथे 1999 साली नाकामुरा, पाश्किन आणि त्साई यांनी पहिला अतिसंवाहक क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकाची माहिती धरून ठेवणारं विद्युत मंडल, चालवून दाखवला. त्याची क्वांटम अवस्था काही नॅनोसेकंदांतच विरून गेली. चिपवर कोरलेलं अॅल्युमिनियमचं हे मंडल निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ ठेवलेलं असतं. तिथे विद्युतरोध उरतच नाही. मग ऊर्जा जाते कुठे? क्वांटम संगणकाच्या इतिहासात मला हाच शोध सर्वांत मोलाचा वाटतो.

क्युबिटचं मर्म म्हणजे जोसेफसन जोड. त्यात अॅल्युमिनियमच्या दोन थरांमध्ये अॅल्युमिनियम ऑक्साइडचा जेमतेम एक-दोन नॅनोमीटरचा पापुद्रा असतो. त्यातले अणू काचेतल्यासारखे विस्कळीत असतात. एखाद्या अणूला किंवा अणूंच्या लहानशा पुंजक्याला बसायला जवळजवळ सारख्याच दोन जागा मिळतात, आणि क्वांटम नियमांमुळे तो अतिथंडीतही इकडून तिकडे जाऊ शकतो. काचेचे अतिथंडीतले चमत्कारिक गुणधर्म उलगडण्यासाठी अँडरसन, हाल्पेरिन आणि वर्मा यांनी, तसंच स्वतंत्रपणे फिलिप्स यांनी, 1972 मध्येच ही कल्पना मांडली होती. अशा डळमळत्या अणूंना दोष म्हणतात. क्युबिटची ऊर्जा हेच दोष गिळतात, हे 2005 मध्ये जॉन मार्टिनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं.

थंडी वाढवून इथे सुटका होत नाही, उलट अडचण वाढते. थोड्या उबेत निम्मे दोष आधीच उत्तेजित असतात. ते जेवढी ऊर्जा घेतात, जवळपास तेवढीच परत देतात. क्युबिटच्या थंडीत मात्र सगळे तळाच्या पातळीवर येतात आणि क्युबिटजवळचा ऊर्जेचा एकुलता एक कण, म्हणजे फोटॉन, घ्यायला मोकळे होतात. जर्मनीत कार्ल्सरूहच्या संशोधकांनी चिप किंचित वाकवून, तंबोऱ्याची खुंटी पिळावी तशी, एकेका दोषाची वारंवारता सरकवून दाखवली. दिसत नाही अशा वस्तूला हात लावण्याचं हे कौशल्य थक्क करणारं आहे.

पुढे जोडाचा आकार लहान केल्यावर त्यातले दोष कमी झाले, पण मंडलातल्या कपॅसिटरच्या धातूच्या पृष्ठभागावरचे राहिले. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या नायोबियमवर अनेक प्रकारची ऑक्साइडं मिसळून बसतात. टँटॅलमवरचं ऑक्साइड त्या मानाने एकसारखं असतं, शिवाय तो धातू जहाल आम्लात धुऊन स्वच्छ करता येतो. प्रिन्स्टनच्या गटाने नीलमावर टँटॅलम बसवून 2021 मध्ये क्युबिटची अवस्था 0.3 मिलिसेकंद टिकवली. नीलमाऐवजी शुद्ध सिलिकॉन घेतल्यावर 2025 मध्ये हा काळ एका मिलिसेकंदापलीकडे गेला. नॅनोसेकंदांपासूनची ही लाखो पटींची मजल मंडलाच्या नव्या रचनांनी जेवढी गाठली, तेवढीच आम्ल, निर्वात कक्ष आणि पृष्ठभागाची पारख यांनी गाठली.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असे क्युबिट घडवले जातात. डीआरडीओ आणि टीसीएस यांच्यासोबत केलेल्या सहा क्युबिटांच्या प्रोसेसरची चाचणी 2024 मध्ये झाली. धातुशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकणाऱ्या मराठी मुलांनी क्वांटम संगणक फक्त भौतिकशास्त्रज्ञांचा मानू नये. त्याचा आजचा सर्वांत अवघड प्रश्न त्यांच्याच विषयातला आहे.