साडेतीनशे किलोंची जागा

"ताई, तुमचं छत बघायचंय जरा." दारात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात टॉर्च होता. आमच्या डोक्यावरच्या घरात चार फुटी फिश टँक येणार होता आणि तो बसवणारा माणूस आधी खाली, माझ्याकडे आला होता. आजवर वर कपाटं चढली, दिवाण चढले. माझं छत बघायला कुणी आलं नव्हतं. काम कसं करतो ते पाहावं म्हणून मी त्याच्यामागून वर गेले.

त्याचं म्हणणं सरळ होतं. वरच्या घराची जमीन पेलणारे बीम दिसतात ते खालच्या घराच्या छताला. वर भिंत आहे म्हणजे तिच्याखाली बीम असेलच असं नाही. चार इंची पडदी नुसत्या स्लॅबवरही उभी असते. आमची इमारत ठाण्यातली, सत्तरच्या दशकातली, लिफ्ट नसलेली. पोपडे, ओल, सळईच्या रेषेत गेलेली भेग असं सगळं त्याने टॉर्च मारून शोधलं. बाथरूमच्या बाजूला गळतीचा जुना डाग होता. "ही बाजू नको," एवढंच बोलला.

वर मालकांना टँक गॅलरीत हवा होता, सोफ्याच्या मागे. गॅलरी बाहेर काढलेली, एकाच बाजूने धरलेली. तो नाहीच म्हणाला. मग हॉलच्या मधोमध, पार्टिशनसारखा? तेही नाही. "साडेतीनशे किलो आहेत, साहेब." हिशोब त्याला तोंडपाठ होता: चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच, वरचे दोन इंच सोडले तरी सव्वादोनशे लिटर पाणी, म्हणजे तितकेच किलो. दहा मिलिमीटर काचेचे पन्नास, उरलेले खडी आणि स्टँडचे.

"अहो, बारशाला इथे वीस माणसं होती. काही झालं नाही," मालक म्हणाले.

"माणसं रात्री घरी गेली ना? टँक दहा वर्षं हलणार नाही."

हे उत्तर माझ्या डोक्यातून जात नाही. काँक्रीटवर सतत वजन राहिलं की ते वर्षानुवर्षं हळूहळू वाकत राहतं, हे इंजिनिअर सांगतात. याने ते एका वाक्यात उरकलं. राहत्या घराची जमीन आपल्याकडच्या मानकानुसार चौरस मीटरला साधारण दोनशे किलो धरून आखतात. हा टँक उभा राहणार अर्ध्या चौरस मीटरहून थोड्या जास्त जागेत, म्हणजे तिथला भार सव्वासहाशेच्या घरात. पण मानकातला आकडा सगळ्या खोलीभर पसरलेल्या वजनाचा असतो. धडधाकट स्लॅबवर, बीमच्या माथ्यावर आणि कॉलमच्या जवळ हेच वजन सहसा निभावतं. खोलीच्या मध्यावर तेच स्लॅबला सर्वांत जास्त वाकवतं. जागा ठरली ती कॉलमच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या बाजूला. मालकीणबाईंचा चेहरा उतरला.

स्टँड आला, टँक दोघांनी जिन्यातून वर आणला. स्टँडवर प्लायवूड पडलं आणि त्यावरून त्याने तळहात फिरवायला सुरुवात केली. आधी आडवा, मग उभा, मग डोळे मिटून पुन्हा. एक कण सापडला, रवाळ वाळूचा. तो बोटाच्या टोकावर धरून त्याने मला दाखवला. "याच्यावर पाणी भरलं असतं तर काच इथूनच तडकली असती." कण फुंकून टाकला आणि हात पुन्हा फिरवला. मग थर्माकोलची शीट, तिच्यावर टँक.

जुन्या घरांत फरशीला गॅलरीकडे उतार असतो, पाणी वाहून जावं म्हणून. पाचर त्याने स्टँडच्या पायाखाली मारली, टँकखाली नाही. अर्धं पाणी भरून चारही कोपऱ्यांत वरच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजलं. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी, पुन्हा मोजून. फिल्टर, दिवे, मासे हे सगळं अर्ध्या तासात झालं.

माझं मत विचाराल तर, त्याच्या तळहातावर माझा पूर्ण विश्वास आहे, टॉर्चवर अर्धाच. प्लास्टरच्या आत सळई किती गंजली आहे हे टॉर्चला दिसत नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षं जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. टँकची ऑर्डर देण्याआधी सोसायटीकडून तो अहवाल मागून घ्या, आणि अहवालच नसेल तर साडेतीनशे किलो वर चढवू नका.