‘कोण भरती आहे?’ कोणी नाही, फिरायला आलोय!

नागपूर म्हणजे दवाखाना, कोर्ट नाहीतर एअरपोर्ट. गावाकडचं हे समीकरण मोडायला आम्ही दोघं करडीहून निघालो. दोन दिवस, दोन सॅक आणि हातात कामाचा एकही कागद नाही!

दिवाळीनंतरचा शनिवार. सकाळचे साडेसहा. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातलं आमचं करडी गाव अजून पुरतं जागं व्हायचं होतं. मी आणि बायको पाठीला सॅक लावून एसटीची वाट बघत उभे. तेवढ्यात शेजारच्या काकांनी सायकल थांबवली.

‘नागपूरले चाल्ला का बाबू?’

‘हो काका.’

काकांचा चेहरा उतरला. आवाजही खाली आला. ‘कोन भरती आहे?’

‘कोनीच नाही काका. फिरायले चाल्लो.’

‘फिरायले? नागपूरले?’ काकांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे, मग सॅककडे. पुण्याची नोकरी पोराच्या डोक्यावर गेलेली दिसते, असं काहीतरी मनात म्हणत ते निघून गेले. बायको मात्र हसून हसून बेजार!

काकांचं काय चुकलं? आमच्याकडे नागपूरला कोणी उगाच जात नाही. पेशंट घेऊन मेडिकलला नाहीतर मेयोला जातात. तारीख असली की हायकोर्टात जातात. पोरं क्लास लावायला जातात, लग्नघरातल्या बायका साड्या घ्यायला. काम झालं की संध्याकाळच्या गाडीने परत. मुक्काम पडला तर समजायचं, केस सीरियस आहे.

माझंही तेच. आम्ही दोघं पुण्यात नोकरी करतो. लग्नाला पाच वर्षं झाली. महाबळेश्वर झालं, गोवा दोनदा झालं, केरळ झालं, इएमआयवर बँकॉकसुद्धा झालं! आणि नागपूर? वर्षातून दोनदा विमानाने उतरायचं, टॅक्सीत बसायचं आणि थेट करडी. त्याआधीची आठवण २०१६ची. बाबा बावीस दिवस नागपुरात अ‍ॅडमिट होते. तेव्हापासून माझ्या डोक्यातल्या नागपूरच्या नकाशात चारच ठिकाणं : वॉर्ड, औषधाचं दुकान, लॉज आणि चहाची टपरी.

बायको कराडची. यंदा तिनेच विषय काढला. ‘आमच्याकडे मिरजेचं असंच आहे,’ ती म्हणाली. ‘मिरजेला गेले म्हटलं की लोक विचारतात, काय झालं? आपण एकदा तुझं नागपूर टूरिस्टसारखं बघू या ना. हॉटेलात राहायचं, फोटो काढायचे, वाट चुकायची. सगळं!’

आयडिया हटके होती. आणि बँकॉकपेक्षा जाम स्वस्त.

पारडीला उतरा, मेट्रोत चढा

करडीहून भंडारा, तिथून नागपूरची गाडी. मौद्याला कन्हान नदी ओलांडली की नागपूर आलंच समजा. दरवेळी आम्ही गणेशपेठच्या स्टँडपर्यंत जातो आणि तिथे ऑटोवाल्याशी वाद घालतो. यावेळी पारडीजवळच उतरलो. कारण भंडारा रोडवर प्रजापतीनगरला मेट्रोचं शेवटचं स्टेशन आहे. नागपूरची मेट्रो २०१९ साली सुरू झाली. आमच्या बाजूचा हा टप्पा डिसेंबर २०२२मध्ये. म्हणजे भंडाऱ्याकडून येणाऱ्या माणसाला शहराच्या दारातच गाडी मिळायला लागली. आणि मला पत्ताच नाही!

मेट्रो वरून जाते. खाली चितारओळी, अग्रसेन चौक, रेल्वे स्टेशन, कॉटन मार्केट. हे सगळं मी आयुष्यभर खालून, धुरात आणि घाईत बघितलेलं. वरून बघताना पहिल्यांदा कळलं, की या शहरात एवढी झाडं आहेत. सीताबर्डीला गाडी बदलायची. पण नागपूरकरांसमोर ‘सीताबर्डी’ म्हणू नका, लगेच पाहुणे ठराल. नुसतं ‘बर्डी’ म्हणायचं.

हॉटेलात मात्र आमची विकेट पडली. रिसेप्शनवरच्या मुलाने पत्ता विचारला. मी म्हटलं, करडी. तो म्हणाला, ‘कोराडी? मग तर इथलेच की तुम्ही!’ कोराडी म्हणजे नागपूरच्या शेजारचं जगदंबेचं देऊळ आणि वीजकेंद्राचं गाव. मी समजावलं, कोराडी नाही, करडी. जिल्हा भंडारा. त्याने मान डोलावली आणि अगदी सहानुभूतीने विचारलं, ‘सर, दवाखान्याचं काम आहे का?’

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. ‘नाही,’ ती ठासून म्हणाली, ‘हनिमून!’

मधोमध उभे राहून

सगळ्यात पहिल्यांदा झिरो माइल. बर्डीपासून मेट्रोने एकच स्टेशन. चार घोडे, एक खांब आणि शेजारी एक दगड. हा भारताचा मध्यबिंदू, असं आम्हाला शाळेत सांगितलेलं. खरं तर हा इंग्रजांच्या जमीनमोजणीचा दगड, १९०७ सालचा. पायथ्याशी गावांची नावं आणि अंतरं कोरली आहेत : शिवनी ७९ मैल, छिंदवाडा ८३, जबलपूर १७०, हैदराबाद ३१८. मी भंडारा शोधत एक फेरी मारली, दुसरी मारली. बायको म्हणाली, ‘अरे, लांबच्यांसाठी लिहितात. घरच्यांना कशाला पाटी लागते?’ फोटो काढला. या रस्त्याने मी निदान पन्नास वेळा गेलो असेन. थांबलो पहिल्यांदाच.

तिथून अजब बंगला. सरकारी नाव मध्यवर्ती संग्रहालय, पण ते कोण म्हणतं? १८६१ साली मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी. त्यानंतर दोनच वर्षांत, १८६३मध्ये हे संग्रहालय उघडलं. मूर्ती, शिलालेख, नाणी, शस्त्रं, आदिवासींच्या वस्तू, पेंढा भरलेले प्राणी, सगळा मामला एका छताखाली. आमच्या बाजूला एक शाळेची सहल होती. सगळ्यात जास्त गर्दी अर्थातच प्राण्यांपाशी. नागझिऱ्याच्या जंगलाशेजारी वाढलेला मी पेंढा भरलेला वाघ बघायला रांगेत उभा, याचं बायकोला कोण कौतुक!

बाहेर सिव्हिल लाइन्समधून चक्कर मारली. विधानभवन, हायकोर्टाची १९४०मधली देखणी घुमटाची इमारत, रुंद रस्ते. १९५६पर्यंत हे एका राज्याच्या राजधानीचं शहर होतं, हे इथे चालताना समजतं. राजधानीपण गेलं आणि १९५३च्या नागपूर कराराची आठवण म्हणून हिवाळी अधिवेशन उरलं. बाबा एकदा जमिनीच्या केसमध्ये या हायकोर्टात आले होते. घरी आल्यावर आम्ही विचारलं, कोर्ट कसं आहे? ते म्हणाले, ‘गर्दी होती.’ घुमट त्यांनी वर मान करून बघितला नसावा. तारीख असलेला माणूस वर बघत नाही.

सावजीचा बदला

रात्री सावजी. हा मूळचा इथल्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरचा स्वयंपाक. जवसाचं तेल, काळा मसाला आणि तर्री. ‘आम्ही कोल्हापूरच्या बाजूचे, आम्हाला काय शिकवता?’ असं म्हणत बायकोने मटणाची प्लेट मागवली. चौथ्या घासाला तिच्या नाकाडोळ्यांतून गंगा-यमुना. वेटरने न मागता ताक आणून ठेवलं. रोजचंच असणार त्याचं! मी आपला शहाण्यासारखा पाटवडी रस्सा घेतला. तोही काही साधा नव्हता, पण इज्जत वाचली.

दोन वर्षांचं अंतर

रविवारी सकाळी टर्री पोहे. पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत टर्री, वर कांदा, शेव. पुण्यातल्या पोह्यांना यापुढे ‘पोहे’ म्हणायचं की नाही, हा प्रश्न आम्ही अजून सोडवलेला नाही.

मग दीक्षाभूमी. पांढराशुभ्र, प्रचंड स्तूप. २००१ साली त्याचं लोकार्पण झालं. आत शिरलं की आपोआप आवाज खाली येतो. १४ ऑक्टोबर १९५६, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर लाखो माणसं, हे आपल्याला पाठ असतं. पण त्याच्या दोनच वर्षं आधी, १९५४मध्ये, बाबासाहेब लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले, तो मतदारसंघ कोणता होता ठाऊक आहे? भंडारा. आमचा जिल्हा.

हे मी बायकोला स्तुपाच्या पायऱ्यांवर बसून सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे ते तिकडून हरून इकडे आले?’ इतकं सरळ ते नव्हतं हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. पण भंडारा आणि नागपूर यांच्यामध्ये फक्त अ‍ॅम्ब्युलन्स धावत नाही, इतिहासही धावतो, हे मला त्या पायरीवर पहिल्यांदा जाणवलं.

मेडिकल चौक

महालात जायला ऑटो केला. गांधी गेट, म्हणजे जुना जुम्मा दरवाजा, भोसल्यांची जुनी वस्ती, गल्ल्या, सगळं बघायचं होतं. वाटेत मेडिकल चौक आला. मी बोलता बोलता थांबलो. बायकोने ऑटोवाल्याला सांगितलं, ‘दादा, इथेच थांबा.’

टपरी अजून आहे. माणूस दुसरा होता. बावीस दिवस आई या टपरीसमोरच्या कट्ट्यावर डबा उघडून बसायची. मी रात्री रिपोर्ट घेऊन यायचो आणि आधी तिच्या चेहऱ्याकडे बघायचो. बाबा बरे झाले, घरी आले, आता शेतावर जातात. पण या चौकाचं नाव काढलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो.

आम्ही दोन कट चहा घेतले. शेजारी एक माणूस एक्स-रेचं मोठं पाकीट मांडीवर धरून बसला होता. त्याने विचारलं, ‘तुमचं कोन आहे भरती?’

‘कोनी नाही जी,’ मी म्हटलं. ‘तुमचं?’

‘पोरगी.’ गोंदियाकडचा होता. आम्ही त्याच्यासाठीही चहा सांगितला. नंतर ऑटोत बराच वेळ कोणी बोललं नाही. फिरायला आलोय असं म्हणता येणं ही केवढी चैन आहे, हे बँकॉकमध्ये कधी डोक्यात आलं नव्हतं.

तळ्याकाठची संध्याकाळ

शेवटचा मुक्काम अंबाझरी. तळं, वारा, आजोबांचे वॉकिंग ग्रुप आणि आमच्यासारखी जोडपी. इथूनच नागनदी बाहेर पडते, सगळं शहर पार करते, कन्हानला मिळते आणि कन्हान आमच्या वैनगंगेला. म्हणजे आम्ही नागपूरला पेशंट पाठवतो आणि नागपूर आम्हाला आपलं सांडपाणी! बायको म्हणाली, ‘नातं तर जुनंच आहे की तुमचं.’

रात्री संत्रा बर्फीचे दोन डबे घेऊन करडीला पोचलो. जेवताना आईला मोबाइलवर फोटो दाखवले. घोडे, स्तूप, हायकोर्टाचा घुमट, अंबाझरीचा सूर्यास्त. आईने एकेक फोटो बोटाने मोठा करून बघितला. मग म्हणाली, ‘बावीस दिवस होतो आम्ही नागपुरात. यातलं एकबी पायलं नाही.’

बाबा बर्फी खात होते. म्हणाले, ‘मंग काय, पुढच्या टायमाले चार तिकिटं काढा.’

संक्रांतीची काढली आहेत. काकांना सांगून ठेवलंय, कोणी भरती नाही म्हणून!

चौकट : तुम्हीही निघताय?

कधी : नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. एप्रिल-मेच्या उन्हात नागपूर बघायचं धाडस नागपूरकरही करत नाहीत.

सांभाळा : अजब बंगला सोमवारी बंद. डिसेंबरात अधिवेशन असलं की हॉटेलं फुल्ल आणि विधानभवनाजवळचे रस्ते अडवलेले. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी असते. ती बघायलाच जायचं असेल तर राहायची सोय आधी करा.

चुकवू नका : १८१७ची लढाई बघितलेल्या टेकडीवरचा सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा मोजक्याच दिवशी तो लोकांसाठी उघडतो. तारीख जुळली तर सोडू नका.

लहान मुलं बरोबर असतील तर : रमण विज्ञान केंद्र, गांधीसागर तलावासमोर. मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय आहे. मोठेही रमतात!

आणि नागपूर तुमच्यासाठी लांब असेल तर? तुमच्या गावाजवळही असं एखादं शहर असेलच, जिथे तुम्ही फक्त कामाला जाता. या वीकएण्डला तिथे एक रात्र राहून बघा. फाइल घरी ठेवून.