थोडं रेडिएशन चांगलं असतं?

‘‘अहो वहिनी, थोडं रेडिएशन तब्येतीला चांगलंच असतं!’’ जांभूळच्या आमच्या भिशीत परवा हे ऐकलं आणि मी चमकलेच. निमित्त होतं गळ्यात घालायच्या एका ‘एनर्जी’ लॉकेटचं.

या बोलण्यामागे एक शास्त्रीय कल्पना आहे, तिचं नाव हॉर्मेसिस. अगदी थोड्या किरणोत्सर्गानं पेशींची दुरुस्तीची ताकद जागी होते, असं ती सांगते. प्रयोगशाळेत पेशींवर, प्राण्यांवर तसं काही वेळा दिसलंही आहे. पण माणसांचं काय? केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर वाळूतच थोरियम आहे. काही ठिकाणी वर्षाला ७० मिलिग्रेपर्यंत किरणोत्सर्ग! तिथल्या सुमारे ७० हजार लोकांची सरासरी साडेदहा वर्षं पाहणी झाली. २००९ साली निष्कर्ष आले, त्यामुळे कॅन्सर वाढल्याचं आढळलं नाही.

पण मैत्रिणींनो, ‘अपाय दिसला नाही’ म्हणजे ‘फायदा झाला’ नव्हे! उलट, अशाच काही लॉकेट-ब्रेसलेटमध्ये किरणोत्सर्गी पदार्थ सापडले, तेव्हा २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेनं ती वापरू नका, असं बजावलं. दिवसरात्र अंगावर राहिली तर त्वचेला इजा होऊ शकते.

म्हणून घाबरून डॉक्टरांनी सांगितलेला एक्स-रे किंवा मॅमोग्राफी मात्र टाळू नका. रोगाचं वेळीच निदान होणं, हा तिथला खरा फायदा. दिवस गेल्याची शंका असेल तर आधी सांगा, एवढंच.

आणि लॉकेट? त्या पैशांत आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या!