पापणीचा केस

गळालेला पापणीचा केस पाठमुठीवर ठेवायचा, डोळे मिटायचे, मनात एक इच्छा धरायची आणि फुंकर मारून तो उडवून द्यायचा. केस उडाला की इच्छा फळाला येते! हा खेळ लहानपणी आपण सर्वांनीच खेळलेला आहे. आमची धाकटीही तो खेळते. त्यामुळे तिचा हात सारखा डोळ्याशी जातो, याचे मला पुष्कळ दिवस काहीच वाटले नाही. मग गेल्या वर्षी श्रावणातल्या एका सकाळी शाळेची वेणी घालताना मी आरशात तिच्याकडे नीट पाहिले आणि हातातली रिबीन तशीच राहिली. उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीला मधोमध खिंड पडली होती!

घरात लगेच वैद्यकी सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या, "उष्णता आहे ही. रात्री एरंडेल लाव." शेजारच्या काकूंनी नजर लागल्याचे निदान केले. मी शिकलेली पडले, तेव्हा जीवनसत्त्वाची कमतरता काढून बसले. शेवटी यांनी आम्हां दोघींना गाडीत घातले आणि सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांनी भिंगातून पापणी पाहिली. कातडी लाल नव्हती, खपली नव्हती; केस मात्र लहानमोठे तुटलेले होते. त्यांनी मुलीला बाहेर बसवले आणि मला विचारले, "ही केस ओढते का हो?"

"छे!"

"घरात वर्षभरात काही घडलंय का?"

"काही नाही," मी म्हणाले. आणि ते खोटे होते.

घरात घडले होते ते

आमच्या विट्याला एका बाजूला यंत्रमागांचा खडखडाट आणि दुसऱ्या बाजूला गलाईवाल्यांची रिकामी घरे. गलाई म्हणजे जुने सोने-चांदी आटवून, तेजाबाने त्यातले हीण काढून शुद्ध धातू वेगळा करण्याचा धंदा. खानापूर-आटपाडीकडची माणसे दुष्काळाला कंटाळून या धंद्यात शिरली आणि पार काश्मीरपासून केरळपर्यंत पसरली. दसरा-दिवाळीला ती गावी येतात आणि चार दिवस गावाला गावपण येते. माझा धाकटा भाऊ त्यांतलाच. त्याचे दुकान कोइंबतूरला आहे.

आमचे वडील गेल्यावर आई गावच्या घरात एकटी राहिली. भावाचे म्हणणे, घर विकून आईला कोइंबतूरला न्यावे. माझे म्हणणे, जिथे दारात कोणी तिच्याशी मराठीत बोलायचे नाही, तिथे ती झुरून जाईल. शब्दाने शब्द वाढला. एके रात्री तो फोनवर म्हणाला, "ताई, घरातला वाटा पाहिजे असंल तर तसं सांग." मी फोन ठेवला. त्यानंतरच्या भाऊबीजेला तो आला नाही आणि मीही बोलावले नाही.

मात्र रोज रात्री जेवताना आमच्या घरी तोच विषय. मी बोले, हे समजूत घालत, सासूबाई उसासे टाकत. आणि पलीकडच्या खोलीत मुलगी अभ्यास करत असे. सांगलीहून परतल्यावर त्या रात्री मी बोलता बोलता दाराआडून पाहिले. डावा हात वहीवर होता. उजव्या हाताची दोन बोटे डोळ्याशी. माझा आवाज चढला की ती बोटे चालू लागत.

भाषेला ठाऊक होते

या केस उपटण्याच्या सवयीला वैद्यकशास्त्रात नाव आहे. आलोपो नावाच्या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने १८८९ सालीच ते दिले. डोक्याचे, भुवईचे, पापणीचे केस माणूस उपटतो. पुष्कळदा त्याचे त्यालाही भान नसते. डॉक्टरांनी मला बजावले, "कुणाला दोष देत बसू नका. ही सवय केवळ घरच्या भांडणाने लागते असं नाही. पण मनावर ताण असला की ती बळावते."

नात्यांचा शरीराशी संबंध असतो, हे आपल्या भाषेला आधीपासून ठाऊक आहे. मुलगा गेला आणि बापाने हाय खाल्ली, असे आपण म्हणतो. माहेरचे दोन घास अंगी लागतात, सासुरवासातली पंचपक्वान्ने लागत नाहीत. चिंता आणि चिता यांत एका टिंबाचा फरक, हे तर शाळकरी पोरही सांगेल. वीस वर्षे मी वर्गात हे वाक्प्रचार शिकवत आले. घरात मात्र ते मला वाचता आले नाहीत!

शास्त्रज्ञांनी हेच मोजून पाहिले आहे. अमेरिकेत जॅनिस किकोल्ट-ग्लेझर या विदुषीने १९९५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तसा भार नसलेल्या १३ स्त्रिया, यांच्या हातावर सारखीच छोटी जखम केली. शुश्रूषा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. पुढे २००५ साली त्यांनी ४२ जोडपी घेतली. एकमेकांशी आकसाने बोलणाऱ्या जोडप्यांच्या जखमा इतरांपेक्षा सावकाश भरल्या. शेल्डन कोहेन यांनी तर १९९७ साली २७६ निरोगी माणसांच्या नाकात पडशाच्या विषाणूंचे थेंब घातले. ज्यांचा गोतावळा नाना तऱ्हेचा होता, म्हणजे घरचे, शेजारचे, कामावरचे, देवळातले असे सगळे, त्यांना पडसे कमी झाले. हार्वर्डमध्ये १९३८ पासून चाललेल्या दीर्घ पाहणीचा निष्कर्षही हाच, की पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची, त्यांची ऐंशीतली प्रकृती चांगली.

याचे कारण गूढ नाही. मनाला घोर लागला की शरीरात ताणाची संप्रेरके वाढतात. संकट क्षणाचे असेल तर ती उपकारक. पण महिनोन्‌महिने राहिली की झोप उडते, रक्तदाब चढतो, रोगाशी झुंजणारी शक्ती मंदावते. डॉक्टरांनी सहज म्हणून माझाही रक्तदाब पाहिला होता. तो किती निघाला, ते इथे लिहीत नाही!

पापणीची निगा

आता थोडे खुद्द पापणीविषयी. वरच्या पापणीला साधारण शंभर-दीडशे केस असतात, खालच्या पापणीला पाऊणशे-ऐंशी. प्रत्येक केस काही महिने जगतो, गळतो आणि त्या जागी नवा येतो. तेव्हा उशीवर एखाददुसरा केस दिसला तर घाबरू नये. उपटलेला केसही बहुधा दोनेक महिन्यांत पुन्हा येतो. मात्र वर्षानुवर्षे उपटत राहिल्यास मूळच दुखावते.

लांबलचक पापण्यांचा सोस आज फार आहे. पण अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ साली २२ जातींच्या सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या, तेव्हा केसांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या सुमारे एक तृतीयांश आढळली. तेवढ्या लांबीने डोळ्यावरचा वारा अडतो, धूळ कमी येते, ओल टिकते. केस याहून लांब झाले की उलट ते वारा डोळ्याकडे वळवतात. निसर्गाने दिले तेच माप बरे!

निगा म्हणाल तर सोपी आहे. डोळे चोळू नयेत. काजळ, मस्कारा रात्री निजण्यापूर्वी हलक्या हाताने पुसून टाकावा. पापणीच्या कडेला कोंडा धरत असेल तर कोमट पाण्याच्या फडक्याने पाच-दहा मिनिटे शेकून कडा पुसाव्यात. एरंडेलाने केस लांब होतात, याला भक्कम पुरावा नाही. केस वाढवणारे एक औषध काचबिंदूच्या थेंबांतून निघाले आणि २००८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण त्याने पापणीची कातडी काळवंडू शकते, म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये. भुवया आणि पापण्या दोन्ही विरळ होऊ लागल्या तर मात्र घरगुती उपाय करत बसू नये. थायरॉइडचा विकार, चाई, क्वचित कुष्ठरोगसुद्धा त्यामागे असू शकतो.

आणि काजळाविषयी एक गोष्ट. माझी आजी एकाच बोटाने घरातल्या सगळ्या पोरांना काजळ घाली. प्रेम निर्मळ, पण बोट नव्हे! खुपऱ्यांचा रोग अशाच एका बोटाने, एका पदराने घरभर पसरत असे. पुढे पापणीचे केस आत वळत, बुबुळ खरवडत आणि दृष्टी जाई. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले, की सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारताने खुपऱ्यांचे निर्मूलन केले आहे. तरीही ज्याचे त्याचे काजळ आणि ज्याचा त्याचा टॉवेल वेगळा असावा. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत तर काजळ घालूच नये. काही काजळांत आणि सुरम्यांत शिसे सापडलेले आहे.

फुंकर

मुलीला आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी रागवायचे नाही, हात झटकायचा नाही, असे बजावले. हात डोळ्याकडे कधी जातो हे तिने स्वतःच ओळखायचे आणि त्या वेळी मूठ आवळायची किंवा हातात दुसरे काही धरायचे, अशी पद्धत शिकवली. अझ्रिन आणि नन या दोघांनी १९७३ साली ही रीत मांडली. ती तिने चिकाटीने केली.

माझ्या वाट्याचे औषध अधिक कडू होते. नवरात्राच्या सुमारास मी कोइंबतूरला फोन लावला. पलीकडे बराच वेळ कोणी बोलेना.

"ताई, आई बरी हाय न्हवं?" अखेर तो म्हणाला.

"बरी आहे. भाऊबीजेला ये."

"येतो."

घराचा प्रश्न सुटलेला नाही. तो आला, ओवाळून झाले आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही पुन्हा त्याच विषयावर बोललो. पण या वेळी समोरासमोर, आईला मध्ये बसवून. आई दोघांवरही खेकसली आणि आपल्याच घरी राहिली. आता तो दर रविवारी तिला फोन करतो आणि मी दर शनिवारी तिच्याकडे जाते.

धाकटीच्या पापण्या संक्रांतीपर्यंत भरून आल्या. सहामाही परीक्षेला पुन्हा दोन-चार केस गेले, पण या वेळी तीच येऊन म्हणाली, "आई, माझा हात जायला लागलाय."

परवा तिच्या गालावर एक केस आपसूक गळून पडलेला दिसला. मी तो तिच्या मुठीवर ठेवला. तिने डोळे मिटले, फुंकर मारली. गेल्या वर्षी ती काय मागत होती, असे मी विचारले. ती हसली आणि म्हणाली, "सांगितलं की पुरी होत नाही."