पावा वाजतो, मग बासरी का रुसते?

आज आधी एक कबुली. लहानपणी जत्रेतून आणलेला पावा मी पहिल्याच फुंकरीला वाजवला होता. त्या जोरावर चाळिशीत चांगली बांबूची आडवी बासरी घेतली, आणि आठवडाभर नुसतं फुस्स! वाटलं, आता आपल्याच्यानं हे व्हायचं नाही.

मग फरक कळला. बासरीत ना तार, ना पत्ती. वाजते ती आतली हवा. फुंकरीचा पातळ झोत भोकाच्या समोरच्या कडेवर आपटतो आणि क्षणात आत, क्षणात बाहेर असा हेलकावतो. त्यानं नळीतली हवा थरथरते. तोच सूर.

पाव्याच्या तोंडाशी लाकडी बूच असतं. त्याच्या बाजूची फट झोत बरोब्बर कडेवर नेते. आडव्या बासरीत ती फट आपल्या ओठांची! जरा कोन चुकला की फुस्स. पाश्चात्त्य फ्लूट धातूची असते, पण तिचंही तत्त्व हेच.

भोकं मिटली की हवेचा खांब लांबतो, सूर उतरतो. उघडली की उलट. पन्नालाल घोषांनी सुमारे ३२ इंची बासरी रूढ केली, त्यामुळे बासरीला खर्जाचा गंभीर आवाज मिळाला.

मी मग सगळी भोकं मोकळी ठेवली, बासरी ओठांवर किंचित फिरवत फक्त ती कड शोधली. नवव्या दिवशी सापडली. तुमचीही बासरी माळ्यावर पडलीय? काढा की खाली!