येनानच्या नभोवाणीचा जन्मदिवस : एक कालनिर्णय

चीनमधील लोकनभोवाणीचा स्थापनादिन म्हणून १९८० पूर्वीं ५ सप्टेंबर १९४५ ही तारीख पाळली जात असे. १९८० सालच्या डिसेंबर महिन्यांत तेथील नभोवाणीखात्यानें ही तारीख मागें घेऊन ३० डिसेंबर १९४० हा जन्मदिवस कायम केला. एका जिवंत संस्थेचें वय अशा रीतीनें जवळजवळ पांच वर्षांनीं वाढलें. जन्मतिथीचे वाद आमच्या वाचकांस नवे नाहींत. शिवछत्रपतींच्या जन्माविषयीं बखरींतील शके १५४९ आणि जेधे शकावलींतील शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया यांमध्यें कोणतें ग्राह्य, या प्रश्नावर महाराष्ट्रांत किती शाई खर्च झाली हें सर्वश्रुत आहे. तथापि तेथें वादाला कागद तरी होते. जी संस्था केवळ बोलते आणि जिचें बोलणें उच्चारतांच हवेंत विरून जातें, तिचा काल कसा ठरवावयाचा? प्रस्तुत लेखांत याच प्रश्नाचा विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम पूर्वपीठिका पाहूं. चीनच्या भूमीवरील पहिलें नभोवाणी केंद्र २३ जानेवारी १९२३ रोजीं शांघाय येथें ऑस्बर्न नांवाच्या परकीय व्यापाऱ्यानें सुरू केलें. चिनी लोकांनीं स्वतः चालविलेलें पहिलें केंद्र १ ऑक्टोबर १९२६ रोजीं हार्बिन येथें निघालें. कुओमिंतांग पक्षाचें मध्यवर्ती केंद्र १ ऑगस्ट १९२८ पासून नानकिंगहून बोलूं लागलें. तेव्हां आपण ज्या केंद्राचा विचार करीत आहों तें चीनमधील पहिलें नव्हे. कम्युनिस्ट पक्षाच्या ताब्यांतील डोंगराळ प्रदेशांत निघालेलें तें पहिलें केंद्र होय, आणि पुढें तेंच राष्ट्राचें मध्यवर्ती केंद्र झालें, यांत त्याचें महत्त्व आहे.

येथें एका शब्दाचा उलगडा केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. चिनी भाषेंत नभोवाणीला ‘क्वांग-पो’ म्हणतात. क्वांग म्हणजे विस्तृत आणि पो म्हणजे पेरणें. बीं मूठ भरून दूरवर फेंकावें तसें वृत्त दूरवर पसरणें हा त्याचा अर्थ. परंतु त्या काळीं हा शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींना लावीत. बिनतारी तारायंत्राच्या कड-कट्ट संकेतांनीं बातम्या पाठविणें हेंही क्वांग-पोच, आणि माणसानें ध्वनिग्राहकापुढें बसून बोलणें हेंही क्वांग-पोच. पहिल्यास ‘अक्षरी’ व दुसऱ्यास ‘मौखिक’ असें विशेषण लावून भेद दाखवीत, पण लिहिणारा विशेषण नेहमींच लिहील असें नाहीं. कम्युनिस्टांची वृत्तसंस्था ७ नोव्हेंबर १९३१ रोजीं किआंग्सी प्रांतांतील ज्वी-चिन येथें स्थापन झाली आणि १९३७ च्या जानेवारींत तिनें ‘शिनह्वा’, म्हणजे नवचीन, हें नांव धारण केलें. तिचें अक्षरी क्वांग-पो पहिल्यापासून चालू होतें. यामुळें जुन्या कागदांत ‘शिनह्वाचें क्वांग-पो’ एवढेच शब्द आढळले तर तेथें मनुष्याचा कंठ होताच असें अनुमान काढणें धोक्याचें आहे. शब्द एक व वस्तु दोन असल्यास कालनिर्णयांत कसा घोटाळा माजतो, हें आमचे वाचक ‘पत्र’, ‘सनद’, ‘दफ्तर’ या शब्दांच्या अनुभवावरून जाणतातच.

आतां मौखिक केंद्राकडे वळूं. १९४० च्या आरंभीं चौ एन-लाय हे मॉस्कोहून परत येतांना एक ध्वनिक्षेपक यंत्र बरोबर घेऊन आले. येनान शहरापासून सुमारें १२ मैलांवर वांगपीवान नांवाचें खेडें आहे. तेथील डोंगर पोखरून केलेल्या गुहांत हें यंत्र बसविण्यांत आलें. शक्ति अवघी ३०० वॅट. वीज नव्हती आणि पेट्रोल मिळत नव्हतें. म्हणून लोणारी कोळसा जाळून निघणाऱ्या वायूवर मोटारीचें इंजिन चालवून वीज उत्पन्न केली. बोलण्याची खोली म्हणजे मातीची एक गुहा. बाहेरचा आवाज आंत येऊं नये म्हणून दाराला लोकरीचा जाड पडदा टांगीत. केंद्राची खूण ‘एक्स-एन-सी-आर’ अशी होती. पैकीं ‘एक्स’ हें अक्षर आंतरराष्ट्रीय वांटणींत चीनच्या वांट्यास आलेलें, आणि उरलेलीं तीन अक्षरें ‘न्यू चायना रेडिओ’ या इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें होत. ३० डिसेंबर १९४० रोजीं येथून पहिलें भाषण अंतराळांत गेलें. आरंभींच्या निवेदिकांत श्यू रुइ-चांग यांचें नांव प्रमुख आहे. वृत्तें व लेख शहराजवळील छिंगल्यांग टेकडीवर शिनह्वाच्या कचेरींत लिहिले जात आणि जासूद ते कागद वांगपीवानला पोंचवीत. म्हणजे या वाणीच्या मुळाशीं हस्तलिखितच होतें, ही गोष्ट हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

(आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३९ च्या फेब्रुवारींत भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर येनानला पोंचले होते. परंतु केंद्र बोलूं लागलें तेव्हां ते उत्तरेकडील आघाडीच्या मुलखांत गेलेले होते. म्हणून या केंद्राच्या आरंभाशीं त्यांचा संबंध जोडतां येत नाहीं.)

मग १९४५ ही तारीख आली कोठून? १९४३ च्या वसंतांत यंत्राचे व्हॉल्व्ह निकामी झाले, नवे मिळेनात, आणि केंद्र मुकें झालें. हें मौन दोन वर्षांहून अधिक टिकलें. १९४५ च्या ऑगस्टमध्यें जपाननें शरणागति पत्करली, त्या सुमारास केंद्राला पुन्हां वाचा फुटली. आणि त्या पुनरारंभाची ५ सप्टेंबर ही तारीख आरंभाची म्हणून रूढ झाली. आमच्या मतें यांत लबाडी कोणाचीच नव्हती. १९४५ नंतर केंद्र अखंड चालत राहिलें. त्यांतील माणसें पुढें मोठ्या कचेऱ्यांत आलीं आणि त्यांची स्मृति जेथून सुरू होत होती तेथूनच संस्थेचा इतिहासही सुरू झाला. खंडापूर्वींचें तें खंडाबरोबर बुडालें. घराण्याच्या कैफियतींत मधली एक पिढी परागंदा झाली कीं तिच्या मागील पुरुषांचीं नांवें गळतात, तोच हा प्रकार.

आतां साधक प्रमाणें पाहूं. पहिलें प्रमाण असें कीं, ३ डिसेंबर १९४१ रोजीं याच केंद्रावरून जपानी भाषेंतील कार्यक्रम सुरू झाला आणि हारा कियोको या जपानी बाईंनीं तो वाचला. चीनची परदेशीय नभोवाणी आपला जन्म याच दिवसापासून मोजते. धाकट्या भावंडाचा जन्म १९४१ मध्यें मान्य करावयाचा आणि थोरल्याचा १९४५ मध्यें, हें उघडच असंबद्ध आहे. दुसरें प्रमाण वस्तुरूप आहे : १९४१ सालीं माओ त्से-तुंग यांनीं आपला हातानें किल्ली देण्याचा ग्रामोफोन व वीसांहून अधिक तबकड्या केंद्राला दिल्या. तारायंत्राच्या संकेतांनीं बातम्या धाडणाऱ्या कचेरीला गाण्याच्या तबकड्यांचा कांहीं उपयोग नाहीं. ग्रामोफोन जेथें लागतो तेथें ध्वनिग्राहक असलाच पाहिजे. शब्दाची जी संदिग्धता वर दाखविली ती या एका वस्तूनें दूर होते.

कोणी असा आक्षेप घेईल कीं, १९४० चें केंद्र व आजची संस्था एकच कशावरून? नांवें तर वारंवार बदललीं. याचें उत्तर स्थलांतरांच्या क्रमांत आहे. १९४७ च्या मार्चमध्यें शत्रुसैन्य येनानवर चालून आलें तेव्हां १४ मार्चला केंद्र वायाओपाओच्या बाजूस हललें आणि २१ मार्चला त्यानें ‘उत्तर शेन्सी शिनह्वा केंद्र’ असें नांव घेतलें. महिनाअखेर ध्वनिक्षेपणाचें काम ताइहांग पर्वतांतील शे-श्येन येथील यंत्राकडे गेलें, आणि १९४८ च्या मेपासून होपे प्रांतांतील फिंगशान येथून चाललें. तरी नांव मात्र उत्तर शेन्सीचेंच ठेविलें. पत्रावर मुक्काम एक आणि लिहिण्याचें ठिकाण दुसरें, असाच हा व्यवहार. नांवावरून स्थळ ठरविणारा येथें फसेल. २५ मार्च १९४९ रोजीं केंद्र पेइपिंगला आलें, १ ऑक्टोबरला लोकराज्याच्या घोषणेचा समारंभ त्यानें ऐकविला आणि ५ डिसेंबर १९४९ रोजीं ‘मध्यवर्ती लोकनभोवाणी केंद्र’ हें नांव त्यास मिळालें. २०१८ सालीं तें चित्रवाणी व परदेशीय नभोवाणी यांसह एका मोठ्या संस्थेंत विलीन झालें. या सर्व परंपरेंत एका ठिकाणचें काम दुसऱ्यानें हातोहात उचललें. खंड पडला तो एकच, १९४३ ते १९४५ चा. आणि तोही यंत्राचा, संस्थेचा नव्हे, कारण वृत्तें लिहिणारी शिनह्वा संस्था त्या काळांतही कार्य करीतच होती.

तात्पर्य, ३० डिसेंबर १९४० हीच तारीख आरंभाची म्हणून ग्राह्य होय, आणि ५ सप्टेंबर १९४५ ही पुनरारंभाची म्हणून राखली पाहिजे. ती खोटी नव्हे, फक्त तिचें नांव चुकलें होतें. हा निर्णय केवळ वाढदिवसापुरता नाहीं. जुनी तारीख चालू राहती तर कोळशाच्या धुरांत इंजिन चालविणारे आणि गुहेंत बसून हिंवाळ्यांत वृत्तें वाचणाऱ्या पहिल्या निवेदिका यांचीं अडीच वर्षें इतिहासांतून कायमचीं वजा झालीं असतीं.

आमच्या संग्राहक मित्रांस या प्रकरणावरून एक विनंति करावीशी वाटते. नभोवाणीवर वाचलेलीं भाषणांचीं मूळ टांचणें, कार्यक्रमांचीं छापील पत्रकें, श्रोत्यांनीं वह्यांत करून ठेविलेल्या वेळेच्या व स्थानकांच्या नोंदी, केंद्रांकडून आलेलीं पोंचकार्डें, हे कागद आज रद्दींत जात आहेत. ते जुने नाहींत म्हणून त्यांची उपेक्षा करूं नये. बोलणें विरून जातें. त्याचा काल सांगणारे कागद तेवढे आपल्या हातीं आहेत.